अधिक-उणे किती?

साठी उलटलेलं माणूस ज्या घरात आहे, त्या घरात एक तरी फुगलेली फाईल असतेच. आमच्याकडे दोन आहेत. एक ह्यांची, एक माझी. फाईल उघडली की आकडेच आकडे. लिव्हर १५.४ सें.मी., उजवं मूत्रपिंड ९.८ सें.मी., प्रोस्टेट ४१.६ सी.सी. पूर्वीचे डॉक्टर पोट दाबून बघायचे, "यकृत जरा वाढल्यासारखं वाटतंय" म्हणायचे आणि आपण तेवढ्यावर घरी यायचो. आता ते 'वाटतंय' गेलं आणि त्याच्या जागी दशांश चिन्ह आलं.

आज मला या दशांश चिन्हाबद्दल थोडं लिहायचं आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, इंजिनिअर तर मुळीच नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. ३३ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, खालच्या वर्गांना गणितही. म्हणजे मोजणं हा माझ्या पोटापाण्याचाच विषय होता म्हणा ना! नकाशावरची अंतरं मोजणं, आलेखाच्या कागदावर क्षेत्रफळ मोजणं, आणि दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिका तपासून मुलांना 'मोजणं'. त्या अनुभवावरून माझं एक मत झालं आहे, ते असं: स्कॅनवरून संगणकाने काढलेलं कुठलंही माप रुग्णाच्या हातात द्यायचं असेल, तर त्यासोबत 'अधिक-उणे किती' आणि 'कसं मोजलं' या दोन गोष्टी छापल्याच पाहिजेत. नुसता आकडा देणं म्हणजे प्रमाण न लिहिता नकाशा देणं. माझ्या वर्गात अशा नकाशाला मी अर्धे गुण कापायची.

आता हे मत का झालं, ते सांगते.

मुळात शरीराचं चित्र मोजता कसं येऊ लागलं? विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाला नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच डिसेंबरात त्याने आपल्या बायकोच्या हाताचं चित्र काढलं. हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली, सारं जग थक्क झालं. पण ती होती सावली. आणि सावलीची लांबी दिवा किती लांब आहे यावर ठरते, हे कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या माझ्या पिढीला कुणी सांगायला नको.

खरा बदल झाला १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनमध्ये विम्बल्डनला अ‍ॅटकिन्सन मोर्ली नावाचं हॉस्पिटल होतं, तिथे त्या दिवशी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. ते यंत्र बनवणारा इंजिनिअर गॉडफ्रे हाऊन्सफील्ड नोकरीला होता ई.एम.आय. कंपनीत. हो, तीच ती गाण्यांच्या तबकड्यांची कंपनी! तिच्याच घरातलं ते कुत्र्याचं चित्र असलेलं एच.एम.व्ही. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. हाऊन्सफील्डला १९७९ साली अ‍ॅलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं.

त्याच्या त्या पहिल्या यंत्राने डोक्याचा एक आडवा काप घ्यायचा आणि तो ८० गुणिले ८०, म्हणजे ६४०० चौकोनांत मांडायचा. प्रत्येक चौकोनात एक आकडा. आजच्या मोजमापात पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, घट्ट हाड असेल तर हजाराच्या आसपास किंवा वर. या मोजमापाला हाऊन्सफील्डचंच नाव आहे. म्हणजे बघा, सी.टी. स्कॅन हा मुळात आकड्यांचा तक्ता. आपल्याला आकडे वाचायचा कंटाळा, म्हणून यंत्र त्यांना काळा-पांढरा-करडा रंग देऊन चित्र दाखवतं. आता चौकोन ५१२ गुणिले ५१२ झाले आहेत. गुणाकार करून बघा, दोन लाख बासष्ट हजारांच्या वर जातो. एका कापात एवढे, आणि असे कितीतरी काप.

आता यात गाठ मोजायची कशी?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी एका वैद्यकीय महाविद्यालयात याच विषयात शिकते. दिवाळीत आली होती, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर तिने मला 'इमेज-जे' नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी ते तयार केलं. १९९७ पासून जगभर वापरात आहे आणि कुणालाही फुकट मिळतं. त्यात चित्र उघडायचं, एक चौकोन म्हणजे किती मिलिमीटर ते सांगायचं, गाठीभोवती रेघ ओढायची आणि बटण दाबायचं. क्षेत्रफळ हजर! अगदी तीन-तीन दशांश स्थळांपर्यंत.

मी म्हटलं, "काय गं, केवढं अचूक!"

ती हसली. म्हणाली, "मावशी, रेघ कुठून न्यायची ते मी ठरवलं. त्याने फक्त चौकोन मोजले."

हे ऐकलं आणि मला एकदम आमचा आलेखाचा कागद आठवला. वेड्यावाकड्या आकृतीचं क्षेत्रफळ काढायला आपण शाळेत काय शिकलो? पानाची बाह्यरेषा कागदावर काढायची. पूर्ण भरलेले चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन एक धरायचा, अर्ध्याहून कमी भरलेला सोडून द्यायचा. पिंपळाचं एकच पान चाळीस मुलांना दिलं तर चाळीस उत्तरं यायची. थोड्याफार फरकाने, पण वेगवेगळी. आतल्या पूर्ण चौकोनांबद्दल कुणाचंच भांडण नसायचं. सगळी भांडणं काठावरची.

स्कॅनचंही अगदी तसंच आहे. छातीची साधारण ३५ सें.मी. रुंदी ५१२ चौकोनांत बसवली, की एका चौकोनाची बाजू होते जेमतेम ०.७ मि.मी. म्हणजे ६ मि.मी.ची गाठ आडवी मोजली तर नऊ चौकोन. तिच्या काठावरच्या चौकोनात अर्धी गाठ आणि अर्धी हवा. दुधात पाणी घातलं की रंग मधलाच येतो, तसा त्या चौकोनाचा आकडाही मधला येतो. फुफ्फुसाचा आकडा उणे ८००च्या आसपास, भरीव गाठीचा शून्याच्या थोडा वर. मग काठावर उणे ३०० असेल तर तो चौकोन गाठीचा की फुफ्फुसाचा? सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, की बाबा, उणे ४००च्या वरचं सगळं गाठीत धर. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला दुसरं काही सांगून ठेवलेलं असतं. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर.

आणि दोन्ही बाजूंना एकेक चौकोन जास्त धरला गेला तर नवाचे झाले अकरा. वाटतं, दोनच तर चौकोन! पण गाठ चेंडूसारखी असते. आकारमान लांबीच्या घनाने वाढतं. अकराचा घन १३३१, नवाचा ७२९. म्हणजे आकारमान एकदम १.८ पट! व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढला तरी आकारमान दुप्पट होतं, हे सातवी-आठवीचं गणित आहे. पण ते रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्या क्षणी कुठून सुचणार?

आमच्या ह्यांच्या प्रोस्टेटचंच घ्या. सोनोग्राफीत लांबी, रुंदी, उंची अशी तीन मापं घेतात, त्यांचा गुणाकार करतात आणि ०.५२ ने गुणतात. हे ०.५२ कुठून आलं? पाय भागिले सहा. ग्रंथी अंड्यासारखी गोलसर आहे असं मानून केलेलं ते सूत्र आहे. आता तिन्ही मापं फक्त पाच-पाच टक्के जास्त घेतली गेली, तर गुणाकारात ती जवळजवळ १६ टक्के होतात. ४० सी.सी.चे ४६ सी.सी.! ह्यांचे पहिल्या वर्षी ४१.६ आले, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी ४६.९. हे लगेच संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करून बसले. यूरॉलॉजिस्टने तो आकडा बघून मान हलवली आणि विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" "एकदा." "मग मागच्या वर्षीसारखंच आहे की! पाणी प्या." त्यांना त्या पाच सी.सी.ची किंमत माहीत होती. आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती.

हा झाला हसण्यावारी नेण्यासारखा प्रसंग. दादाचं तसं नव्हतं.

दादा माझा थोरला भाऊ. खोकला जाईना म्हणून त्याच्या छातीचा सी.टी. स्कॅन केला. उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली, रिपोर्टमध्ये ६ मि.मी. सहा महिन्यांनी परत बघायला सांगितलं होतं. तो मधल्या काळात मुलाकडे राहायला गेला होता, त्यामुळे दुसरा स्कॅन दुसऱ्या गावात, दुसऱ्या यंत्रावर झाला. तिथल्या रिपोर्टमध्ये ८ मि.मी. कंसात लिहिलेलं, 'आधीच्या तुलनेत वाढ'. भाच्याने मोबाईलवर घनाचा हिशोब केला. २१६चे ५१२. आकारमान दुपटीहून जास्त! वहिनीने त्या रात्री जेवणाचं ताट बाजूला सारलं ते सारलंच. दादा स्वतः काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी बँकेची पासबुकं काढून बसला. त्या घरात पुढचे अकरा दिवस कसे गेले, ते मी जवळून पाहिलं आहे.

अकराव्या दिवशी एका वयस्क रेडिऑलॉजिस्टांची वेळ मिळाली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि दोन्ही सीडी मागितल्या. पहिला स्कॅन ५ मि.मी. जाडीच्या कापांचा होता, दुसरा १ मि.मी.च्या. सहा मिलिमीटरची सुपारी पाच मिलिमीटरच्या जाड कापात कापली तर तिचा सगळ्यात रुंद भाग नेमका हाताला लागेलच असं नाही. काठावर तर ती हवेत कालवली जाऊन पुसटच होते. त्यांनी संगणकावर दुसऱ्या स्कॅनचे पातळ काप एकत्र करून पाच मिलिमीटरचे केले आणि मग दोन्हीकडे सारखंच माप घेतलं. पहिल्यात सहा, दुसऱ्यात साडेसहाच्या आसपास. म्हणाले, "एवढ्या फरकावरून मी वाढ झाली असं म्हणणार नाही. तीन महिन्यांनी याच यंत्रावर, याच जाडीच्या कापांचा स्कॅन करा." तो केला, पुढेही केले. दोन वर्षं झाली, गाठ आठच्या आठ आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. दुसऱ्या रिपोर्टातला '८' खोटा नव्हता आणि पहिल्यातला '६'ही खोटा नव्हता. खोटी होती ती वजाबाकी. एका पट्टीने मोजलेलं दुसऱ्या पट्टीने मोजलेल्यातून वजा केलं होतं. त्या दोन आकड्यांशेजारी 'अधिक-उणे दीड' असं काही छापलेलं असतं आणि कापांची जाडी ठळक अक्षरात लिहिलेली असती, तर ते अकरा दिवस निदान थोडे हलके गेले असते.

आता कुणी म्हणेल, बाई संगणकाच्या विरोधात आहेत. अजिबात नाही! उलट संगणकाने मोजण्याचा केवढा फायदा होतो, याचं उत्तम उदाहरण नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झालेला 'नेल्सन' नावाचा मोठा अभ्यास. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या हजारो लोकांचे सी.टी. स्कॅन काढून त्यांनी फुफ्फुसातल्या गाठी शोधल्या. त्या गाठींचा व्यास पट्टीने न मोजता सॉफ्टवेअरने त्यांचं आकारमान काढलं आणि ते दुप्पट व्हायला किती दिवस लागतात ते पाहिलं. परिणाम काय? तपासणी न केलेल्यांच्या मानाने पुरुषांमध्ये दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. आणि संशय आला म्हणून पुढच्या तपासण्यांना पाठवावं लागलं फक्त २.१ टक्के वेळा. उगाच घाबरवणं कमी, खरं पकडणं जास्त.

पण त्यांचा एक नियम मला सगळ्यात जास्त आवडला. आकारमानात २५ टक्क्यांहून कमी फरक असेल तर त्याला 'वाढ' म्हणायचंच नाही! कारण तेवढा फरक नुसत्या मोजण्यातूनही पडू शकतो. व्यासात बोलायचं तर सात मिलिमीटरच्या गाठीत अर्धा मिलिमीटर. कर्करोगाच्या गाठी उपचारांनी कमी होतात की वाढतात, हे ठरवण्याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्यातही २००९च्या सुधारणेत असंच केलं. बेरीज २० टक्के वाढली तरी पुरेसं नाही, ती निदान ५ मि.मी.ने वाढलेली हवी. म्हणजे ज्यांनी हे शास्त्र घडवलं, त्यांना आपली पट्टी किती डुगडुगते ते पक्कं ठाऊक आहे. त्यांनी ते आपल्या नियमांत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. ते ज्ञान रुग्णाच्या कागदापर्यंत येता येता गळून पडतं, एवढीच माझी तक्रार.

संगणक दरवेळी तेच उत्तर देतो, माणसासारखा दमत नाही, हेही खरं. पण 'तोच संगणक, तेच सॉफ्टवेअर' ही अट विसरून चालत नाही. मेंदूच्या एम.आर.आय.वरून त्याच्या वेगवेगळ्या भागांचं आकारमान काढणारं 'फ्रीसर्फर' नावाचं सॉफ्टवेअर आहे. संशोधक ते खूप वापरतात. २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी तेच ते स्कॅन त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना दिले. नवी आवृत्ती आणि आधीच्या आवृत्त्या यांच्या उत्तरांत सरासरी ८.८ टक्क्यांचा फरक निघाला. संगणक बदलला तरी थोडा फरक पडत होता. आता लक्षात घ्या, स्मरणशक्तीशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग निरोगी म्हाताऱ्या माणसात वर्षाला साधारण दीड टक्का आकसतो, आणि अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलण्याने पडणारा फरक आजाराच्या एका वर्षाहून मोठा! म्हणूनच त्या शास्त्रज्ञांनी बजावलं, की अभ्यास चालू असताना मध्येच आवृत्ती बदलू नका. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर आली आहेत, ती रेघही आपली आपणच ओढतात. चांगलं आहे. पण रेघ ओढणारा दिसेनासा झाला, म्हणून रेघेबद्दलचा प्रश्न संपत नाही.

मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा पस्तीस गुणांचा प्रश्न आहे. चौतीसवाला नापास, पस्तीसवाला पास. ऐंशीवाल्याचे दोन गुण इकडेतिकडे झाले तर त्याच्या आयुष्यात काही बिघडत नाही. पण रेषेजवळच्या मुलाचा पेपर कुणी तपासला, दुपारी जेवणाआधी की नंतर तपासला, यावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. म्हणून तर बोर्डाने नियामक नेमले, फेरतपासणी ठेवली. वैद्यकातही अशा रेषा आहेत. पोटातली महाधमनी फुगली असेल तर साधारण ५.५ सें.मी.ला शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. पाठीचा कणा वाकडा असणाऱ्या मुलांमध्ये तो किती अंश वाकला आहे हे ज्या पद्धतीने मोजतात, ती जॉन कॉब यांनी १९४८ साली सांगितली. त्यात दोन अनुभवी डॉक्टरांच्या मापांत पाच अंशांचा फरक पडू शकतो, हे सगळे हाडांचे डॉक्टर जाणतात. म्हणून दोन-तीन अंश वाढले तर ते थांबतात, पुन्हा बघतात. आई-बाप मात्र घरी जाऊन त्या दोन अंशांवर रडतात.

यावर काही डॉक्टर मंडळींचं म्हणणं मी ऐकलं आहे. ते म्हणतात, "अहो, अधिक-उणे लिहिलं तर पेशंट गोंधळतील. म्हणतील, तुम्हाला नीट मोजता येत नाही का?" दुसरं म्हणणं, "एकेका रेडिऑलॉजिस्टला दिवसाला इतके स्कॅन बघायचे असतात, एवढं लिहायला वेळ कुणाला आहे?"

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर आपल्या घराघरात आहे. सुनेची किंवा लेकीची शेवटच्या महिन्यातली सोनोग्राफी आठवा. बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून यंत्र त्याच्या वजनाचा अंदाज करतं. बहुतेक रिपोर्टांत ते कसं छापलेलं असतं? '२८०० ± ४१० ग्रॅम' अशा थाटात. त्यावरून कुठल्या आजीने हॉस्पिटलात भांडण केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. आजी म्हणते, "अडीच-तीन किलोचं असेल हो!" आणि बाळंतविडा करायला घेते. अधिक-उणे हे आपल्या लोकांना उत्तम कळतं. भाकरीला पीठ किती आणि आमटीला मीठ किती, हे सगळं आपण अधिक-उणेनेच शिकलो. मग जे बाळाच्या वजनाला चालतं, ते गाठीला, प्रोस्टेटला, धमनीला का चालू नये?

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. त्यांच्यावर कामाचा बोजा आहे, हे मान्यच. पण हे काम माणसाने करायचं नाहीच मुळी. जे सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळं छापू शकतं, ते कापांची जाडी, स्वतःचं नाव, आवृत्ती आणि चुकीची मर्यादा असली एक ओळही छापू शकतं. माणसाने फक्त एक लिहावं: 'मागचा स्कॅन मी स्वतः पाहून तुलना केली' की 'फक्त मागचा रिपोर्ट वाचून केली'. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दादाच्या बाबतीत सारा घोळ याच अंतरात झाला होता.

एक शंका मात्र माझी मलाच येते, तीही मांडते. अधिक-उणे छापायला लागलो, तर काही लोक त्याचा आडोसा घेतील. "मशीनचा फरक असेल" म्हणून खरी वाढही अंगावर काढतील. आपल्याकडे आजार अंगावर काढणाऱ्यांची काही कमी नाही, त्यातून बायका तर पहिल्या. म्हणून सांगते, अधिक-उणे हे झोपेचं औषध नव्हे. फरक त्या मर्यादेच्या आत असेल तर घाबरू नये. मर्यादा ओलांडली असेल तर एक दिवसही दवडू नये. आणि आतला की बाहेरचा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, मोबाईलवर घन काढून नव्हे.

आपल्याकडून करण्यासारख्याही काही गोष्टी आहेत. फिल्म आणि कागद सांभाळता तशीच सीडीही सांभाळा, तिच्यात खरे आकडे असतात. फिल्मचा मोबाईलवर फोटो काढून तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर डॉक्टरांना ढोबळ कल्पना येईल, पण मोजता काही येणार नाही. भूगोलवाल्यांना हे चटकन कळेल. झेरॉक्सवर नकाशा मोठा केला की '१ सें.मी. = १० कि.मी.' हे शब्दप्रमाण खोटं ठरतं, सोबत काढलेलं रेषाप्रमाण तेवढं खरं राहतं. मूळ स्कॅनच्या संगणकी फाईलमध्ये प्रत्येक चौकोनाचं माप लिहिलेलं असतं. फोटोत ते हरवतं. आणि पुन्हा स्कॅन करायचा असेल तर शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर करा. ठिकाण बदलावंच लागलं तर जुनी सीडी बरोबर न्या आणि स्कॅन वाचणाऱ्याच्या हातात पडेल असं बघा.

आमच्या पिढीला डॉक्टरांना प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. त्यात आकडा छापील असला की तो वेदवाक्यच. पण हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडेल, कारण त्याच्या मनात तो आधीच असतो. तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला आणि एखाद्या आकड्याने पोटात गोळा आला, तर एवढंच विचारा, "डॉक्टर, हे अधिक-उणे किती धरायचं?"

उत्तर आलं तर उत्तमच. नाही आलं, तर निदान तो आकडा किती घट्ट धरायचा, हे तरी आपल्याला कळेल.